कॅथलिक कॉलेजचं ‘कॅथलिक’पण नेमकं कुठे असतं?

प्रश्नाचे खरं तर चार तुकडे आहेत. कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं चर्चच्या मालकीची असतात का? पोपचा हुकूम तिथे चालतो का? विज्ञान, इतिहास, तत्त्वज्ञान मोकळेपणी शिकवता येतं का? आणि आता शिकवणारे बहुतेक संसारी, म्हणजे फादर-सिस्टर नसलेले, लोक, विद्यार्थी सगळ्या धर्मांचे आणि कुठल्याच धर्माचे नसलेलेही, तर मग या संस्थांत ‘कॅथलिक’ म्हणावं असं उरतं काय?

पहिल्या तिन्हींची उत्तरं चटकन देता येतात. मालकी थेट रोमकडे क्वचितच असते. ती बहुधा एखाद्या धर्मसंघाकडे, बिशपांकडे किंवा स्वतंत्र विश्वस्त मंडळाकडे असते. पोपचा शब्द थिऑलॉजीच्या (ईश्वरशास्त्राच्या) वर्गापर्यंत पोचतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो कुणी विचारायला जात नाही. विज्ञान शिकवता येतं आणि चांगलं शिकवलं जातं. चौथा प्रश्न मात्र मी नोकरीला लागले तेव्हापासून स्टाफरूममध्ये ऐकत आले आहे. मी इतिहास शिकवला, पुढे नेमणूक समित्या आणि हिशेबाच्या बैठका यांत बरीच वर्षं काढली. मी कॅथलिक आहे, पण सिस्टर नाही. त्यामुळे घर आतून पाहिलं, तरी घराण्यातली नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. या संस्थांचा स्वभाव धर्माज्ञांनी जेवढा घडवला, त्याहून कितीतरी जास्त तो त्या चालवणाऱ्या माणसांनी घडवला: येशूसंघी (जेझुइट), डोमिनिकन, बेनेडिक्टाइन फादर आणि शेकडो संघांच्या सिस्टर्स. ही माणसं पगार घरी नेत नव्हती, निवृत्त होत नव्हती, बदली झाली की पेटी उचलून निघत होती. ती होती तोवर ‘आपण कॅथलिक कशाने?’ हा प्रश्न कुणाला पडला नाही. ती कमी व्हायला लागली तेव्हा व्याख्या, नियमावल्या आणि ध्येयनिवेदनं लिहिली जाऊ लागली. हे कसं झालं ते पाहायला थोडं मागे जावं लागेल.

सुरुवात पॅरिसच्या एका मारामारीपासून करते, कारण पोप आणि विद्यापीठ यांचं मूळ नातं तिथे उघडं दिसतं. १२२९ साली, उपासकाळ सुरू होण्याआधीच्या उत्सवात, काही विद्यार्थी शहराबाहेरच्या सेंट मार्सेल भागातल्या एका गुत्त्यात बसले होते. बिलावरून मालकाशी वाजलं, शेजारपाजारचे धावून आले आणि विद्यार्थ्यांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी ते सोबती घेऊन परतले आणि गुत्त्याची नासधूस केली. राज्याचा कारभार तेव्हा राजमाता ब्लांशच्या हाती होता. तिने शिपाई सोडले आणि त्यांनी काही विद्यार्थ्यांना ठार मारलं. अध्यापकांनी शिकवणं थांबवलं आणि शहर सोडलं. कुणी ऑर्लेआँला गेले, कुणी तुलूजला, कुणी इंग्लंडला. हा संप जवळजवळ दोन वर्षं चालला. मिटवला तो पोप नववे ग्रेगरी यांनी, जे स्वतः पॅरिसला शिकलेले होते. १२३१ मध्ये त्यांनी विद्यापीठाला सनद दिली. तिच्यात स्वतःचे नियम स्वतः करण्याचा अधिकार होता आणि अन्याय झाला तर व्याख्यानं बंद ठेवण्याचाही. म्हणजे अध्यापकांच्या संपाच्या हक्कावर पोपची मोहोर होती.

अध्यापकांनी रोमकडे धाव घेतली ती भाबड्या भक्तीने नाही. राजा शेजारी होता, बिशप दोन गल्ल्यांपलीकडे होता, पोप आल्प्सपलीकडे. दूरचा वरिष्ठ जवळच्या वरिष्ठांना आवरतो आणि स्वतः रोज डोकावत नाही. शिवाय पोपची मान्यता असलेल्या विद्यापीठाची पदवी सगळ्या ख्रिस्ती जगात शिकवायला चालायची, निदान कागदावर तरी.

विचारांवर बंधनं होती का? होती, पण ती एका ठिकाणी टिकत नव्हती. ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांवर व्याख्यानं देऊ नयेत, असा ठराव पॅरिसमध्ये १२१० मध्ये झाला. १२५५ मध्ये तेच ग्रंथ कला शाखेच्या अभ्यासक्रमात रीतसर लावले गेले. १२७७ मध्ये पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ विधानं त्याज्य ठरवली. त्यांतली काही डोमिनिकन तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या मतांना लागून होती, आणि थॉमस जाऊन तीनच वर्षं झाली होती. १३२३ मध्ये थॉमस संत ठरले. दोन वर्षांनी पॅरिसच्या बिशपांना तो निषेध, थॉमस यांच्यापुरता, मागे घ्यावा लागला. ‘चर्चने विचार दडपले’ आणि ‘चर्चनेच विचार वाढवले’ ही दोन्ही वाक्यं मला अर्धवट वाटतात ती यामुळेच. भांडण चर्चच्या आतच चाललेलं असायचं. एक बिशप बंदी घालायचा आणि त्याच शहरातला एखादा धर्मगुरू वर्गात तेच पुस्तक उघडून बसलेला असायचा.

आज आपण कॉलेज म्हणून जे ओळखतो ते मात्र मध्ययुगातून थेट आलेलं नाही. ते येशूसंघाच्या हातून आलं, आणि तेही ठरवून नाही. इग्नेशियस लोयोला यांचा संघ १५४० मध्ये मान्य झाला तेव्हा शाळा काढणं हा त्यांचा बेत नव्हता. गावोगाव फिरून प्रवचन आणि सेवा करणारी फळी उभी करायची होती. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहराने आपल्या मुलांसाठी शिक्षक मागितले, त्यांनी पाठवले, आणि मग मागण्यांना खंडच पडला नाही. १५५१ मध्ये रोममध्ये कॉलेज निघालं. व्याकरण, वाङ्मय आणि धर्मशिक्षण फुकट मिळेल, अशी पाटी दारावर होती. १७७३ पर्यंत त्यांच्या शिक्षणसंस्थांची संख्या सातशेच्या वर गेली होती.

त्यांच्या वर्गात डोकावण्यासारखं आहे. १५९९ मध्ये संघाने अभ्यासाची एक नियमावली पक्की केली आणि ती लिस्बनपासून गोव्यापर्यंत सारखी लागू झाली. वर्गाचे दहा-दहा मुलांचे गट असत. प्रत्येक गटाचा नायक एक मुलगाच असे. शिक्षक येण्याआधी तो बाकीच्यांचं पाठांतर ऐकून कुणाच्या किती चुका झाल्या ते टिपून ठेवायचा. प्रत्येक मुलाला एक ठरलेला प्रतिस्पर्धी असे. तुम्ही लॅटिन रूप चुकलात की त्याने तिथल्या तिथे उभं राहून दुरुस्त करायचं. अर्धा वर्ग रोम, अर्धा कार्थेज, असे सामनेही लागत. शनिवारी आठवड्याच्या अभ्यासाची उजळणी. वरच्या वर्गांत वाद, भाषणं आणि वर्षातून नाटक, ज्याला अख्खं शहर लोटायचं. एकट्या शिक्षकाला मोठा वर्ग सांभाळता आला तो या व्यवस्थेमुळे. मला यातलं सगळं पसंत नाही. मुलांनी मुलांवर नजर ठेवायची ही कल्पना मला खटकते. पण ‘शिक्षक बोलतो, मुलं ऐकतात’ हे या वर्गाचं चित्र नव्हतं, एवढं नक्की.

त्या नियमावलीत गणित कुठे बसवायचं यावरून संघातच झगडा होता. रोमच्या कॉलेजात क्रिस्टोफर क्लाविउस गणित शिकवत. १५८२ च्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेमागे त्यांचीही आकडेमोड होती. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गणितज्ञांना दुय्यम समजत, म्हणून गणिताच्या शिक्षकांनाही पदवीप्रदानाला आणि जाहीर वादसभांना मानाने बोलवावं, असं क्लाविउस यांना लेखी मांडावं लागलं. विभागांमधली मानापमानाची नाटकं माझ्या पिढीने सुरू केली असं मला वाटायचं. ती चारशे वर्षं जुनी निघाली. त्यांचा विद्यार्थी मात्तेओ रिची पुढे तेच गणित घेऊन चीनला गेला.

फी घ्यायची नाही, हा नियम या सगळ्याच्या मुळाशी होता. कॉलेज हवं असलेल्या शहराने किंवा सरदाराने आधी जमीन आणि कायमचं उत्पन्न द्यायचं, मग शिक्षक यायचे. म्हणून गरिबांची मुलं सरदारांच्या मुलांशेजारी बसली. आणि म्हणूनच या संस्था जमिनींच्या उत्पन्नात गुंतत गेल्या. हे दुसरं टोक पुढे अमेरिकेत फार महागात पडलं.

१७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी राजेरजवाड्यांच्या दबावाखाली अख्खा येशूसंघच बरखास्त केला. ज्या पोपच्या आज्ञेत राहण्याची या लोकांनी खास शपथ घेतली होती, त्यानेच. गंमत अशी की संघ वाचला तो ऑर्थोडॉक्स रशियात, कारण सम्राज्ञी कॅथरीनने तो फतवा आपल्या राज्यात लागू होऊ दिला नाही. तिला आपल्या पोलिश मुलखातल्या शाळा चालू हव्या होत्या. १८१४ मध्ये संघ परत उभा राहिला. मधल्या काळात फ्रेंच क्रांतीने बरीच जुनी विद्यापीठंही बंद पाडली. १४२५ मध्ये पोपच्या सनदेने निघालेलं, आजच्या बेल्जियममधलं लूवेन १७९७ मध्ये बंद झालं. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक कॅथलिक विद्यापीठं म्हणूनच नव्याने काढलेली आहेत, जुन्यांची अखंड परंपरा नाही. समारंभात वेगळं ऐकायला मिळेल, तिकडे फार लक्ष देऊ नका.

एकोणिसाव्या शतकातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग डब्लिनचा. ब्रिटिश सरकारने आयर्लंडमध्ये धर्मनिरपेक्ष कॉलेजं काढली होती. बिशपांनी त्यांना ‘देवहीन’ म्हटलं आणि स्वतःचं विद्यापीठ काढायला अँग्लिकन पंथातून आलेल्या जॉन हेन्री न्यूमन यांना बोलावलं. १८५२ मध्ये न्यूमन यांनी जी व्याख्यानं दिली, त्यांवर कॅथलिक प्राध्यापक अजून जगतात. ज्ञान हे स्वतःच मिळवण्याजोगं आहे, आणि सगळ्या विद्यांच्या वर्तुळातून थिऑलॉजी वगळली तर बाकीच्या विद्या तिची जागा बळकावून आपल्या कुवतीबाहेरचं बोलू लागतात, असा त्यांचा साधारण मुद्दा. १८५४ मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि १८५८ मध्ये न्यूमन सोडून गेले. आर्चबिशप कलन यांना मुलांचा धर्म सुरक्षित राहील अशी जागा हवी होती, न्यूमन यांना विद्यापीठ हवं होतं. शिवाय सरकारी सनद नसल्याने पदव्यांना किंमत नव्हती. तग धरला तो वैद्यकीय शाळेने, कारण तिथली व्याख्यानं डॉक्टरांना परवाना देणाऱ्या संस्थांना मान्य होती. व्याख्यानं अजरामर झाली आणि संस्था डॉक्टरांच्या जोरावर तगली. ध्येयनिवेदनं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अमेरिकेत उलटं झालं. तिथे कुणी मोठा सिद्धांत मांडला नाही, कॉलेजं मात्र भरभरून निघाली. जॉर्जटाउनचं साल १७८९ धरतात. सेंट लुइस १८१८, फोर्डम १८४१, नोत्र दाम आणि विलानोवा दोन्ही १८४२, बॉस्टन कॉलेज १८६३. यांतलं एकही रोमने काढलेलं नाही. नोत्र दाम काढणारे फ्रेंच फादर एडवर्ड सोरिन इंडियानाच्या थंडीत पोचले तेव्हा वय अठ्ठावीस. बिशप असोत वा फादर, लोकांकडे बोट दाखवून ‘यांची मुलं शिकायला हवीत’ एवढाच युक्तिवाद होता. ‘हे लोक’ म्हणजे आयरिश, जर्मन, पुढे इटालियन आणि पोलिश स्थलांतरित. बिशपांनी मिळून, पोपच्या मान्यतेने काढलेलं राष्ट्रीय विद्यापीठ एकच, वॉशिंग्टनचं, १८८७ मधलं.

फुकट शिक्षणाचा नियम अमेरिकेत परवडेना, कारण देणगी देणारे सरदार नव्हते. १८३३ मध्ये रोमने तिथल्या येशूसंघीयांना फी घ्यायची सूट दिली. त्याआधीचा खर्च अंशतः मेरीलँडमधल्या संघाच्या शेतांवर चालायचा आणि ती शेतं गुलाम कसत. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुलं लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. व्यवहार १,१५,००० डॉलरचा होता आणि त्यातले काही पैसे जॉर्जटाउनचं कर्ज फेडायला गेले. ठरवणारे प्रांतप्रमुख थॉमस मलेडी याच कॉलेजचे माजी अध्यक्ष. त्यांच्या नावाच्या इमारतीला २०१७ मध्ये विद्यापीठाने आयझॅक हॉकिन्स यांचं नाव दिलं. विक्रीच्या यादीतलं हे पहिलं नाव. त्याच जॉर्जटाउनचे १८७४ पासूनचे अध्यक्ष पॅट्रिक हीली कायद्याने जन्मतः गुलाम होते. त्यांची आई गुलाम होती आणि वडील आयरिश मळेवाले. ते मिश्रवंशीय आहेत हे तेव्हा चारचौघांत बोललं जात नसे. कॅथलिक स्वभावाबद्दल बोलताना ही पानं उलटून पुढे जाणारा माणूस मला विश्वासू वाटत नाही.

१८९० च्या दशकात या कॉलेजांना एक जोरदार चपराक बसली. हार्वर्डच्या कायदा शाळेने ज्या कॉलेजांच्या पदवीधरांना थेट प्रवेश देता येईल अशांची यादी केली, तेव्हा येशूसंघी कॉलेजांना नीट जागा मिळाली नाही. १८९९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी जाहीर लिहिलं की येशूसंघी अभ्यासक्रम शतकानुशतकं बदललेला नाही. कॅथलिक मंडळी खवळली, उत्तरं छापली. पण आतून त्यांना कळत होतं. मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी येऊन एकाच सलग अभ्यासक्रमात पदवीपर्यंत जायचा, शाळा कुठे संपली आणि कॉलेज कुठे सुरू झालं हे सांगताच यायचं नाही. पुढच्या वीसेक वर्षांत त्यांनी निमूटपणे चार वर्षं हायस्कूल, चार वर्षं कॉलेज अशी फोड केली.

आता सिस्टर्सबद्दल, कारण त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोठी पुरुष कॉलेजं मुलींना पदवी वर्गात घ्यायला तयार नव्हती; नोत्र दाममध्ये मुली १९७२ मध्ये आल्या. म्हणून सिस्टर्सनी स्वतःची कॉलेजं काढली. बाल्टिमोरच्या नोत्र दाम ऑफ मेरीलँडने १८९५ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. फिलाडेल्फियाच्या बँकर घराण्यातल्या कॅथरीन ड्रेक्सल सिस्टर झाल्या आणि वारशाचा पैसा त्यांनी कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी मुलांच्या शाळांत घातला. न्यू ऑर्लिन्सचं झेवियर विद्यापीठ त्यांचंच. १९२५ मध्ये ते कॉलेज झालं. कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं ते अमेरिकेतलं एकमेव कॅथलिक विद्यापीठ, आणि तिथून वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्या मुलांचा लौकिक आजही मोठा आहे. बाई कॉलेजची अध्यक्ष आहे, बाई रसायनशास्त्राची विभागप्रमुख आहे, बाईच बांधकामाच्या कंत्राटदाराशी घासाघीस करते आहे, हे दृश्य त्या काळात सिस्टर्सच्या कॉलेजांत रोजचं होतं.

अशा एका कॉलेजच्या जुन्या हिशेबवह्या मी चाळल्या आहेत. सिस्टर प्राध्यापकाचा पगार बाहेरच्या प्राध्यापकाइतकाच खर्चाच्या बाजूला लिहिलेला असायचा. मग तीच रक्कम जमेच्या बाजूला, ‘संघाकडून सेवादान’ म्हणून. संघाला राहण्या-जेवण्यापुरतं काय ते मिळायचं. ठेवी नसलेली ही कॉलेजं उभी होती ती या एका नोंदीवर. वर्षागणिक पानं उलटली की ती नोंद आक्रसत जाते आणि फीचा आकडा वर चढत जातो. कॅथलिक स्वभावाचा इतिहास कुणाला एका पानात हवा असेल तर मी त्याला ही वही दाखवीन.

आकसायला लागली ती १९६० च्या दशकात. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास १,८०,००० सिस्टर्स होत्या. आज चाळीस हजारांहूनही कमी आहेत. येशूसंघ जगभर मिळून ३६,००० वरून सुमारे १४,००० वर आला. त्याच वेळी विद्यार्थी वाढत होते, प्रयोगशाळा हव्या होत्या आणि सरकार इमारतींसाठी अनुदान देत होतं. पण धर्मसंस्थेला सरकारी पैसा चालतो का? १९६६ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन कॅथलिक महिला कॉलेजांची राज्य-अनुदानं बेकायदा ठरवली. विश्वस्त कोण, अभ्यासक्रमात धर्म किती, बाहेर प्रतिमा काय, असे निकष कोर्टाने लावले. अध्यक्षांची झोप उडाली. विश्वस्त मंडळात संसारी माणसं घेण्याची घाई दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२-६५ मधल्या, चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या सभेच्या) वाऱ्याने झाली असं सांगतात, तेही खरंच. पण त्या कोर्टाच्या कागदाचाही हात होता. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कनेटिकटमधल्या चार कॅथलिक कॉलेजांचं केंद्रीय इमारत-अनुदान पाच विरुद्ध चार अशा मतांनी मान्य केलं, तोवर मंडळं बदलून झाली होती.

१९६७ हे वर्ष सगळ्यांत दाट. वेबस्टर कॉलेजच्या अध्यक्ष जॅकलिन ग्रेनन यांनी संघ सोडला आणि कॉलेज संसारी विश्वस्तांकडे गेलं. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाने थिऑलॉजीचे फादर चार्ल्स करन यांची मुदत वाढवायला नकार दिला, तर सगळं विद्यापीठ संपावर गेलं आणि विश्वस्तांना निर्णय फिरवावा लागला. (पॅरिसची आठवण यावी असा संप.) नोत्र दामने त्याच वर्षी कारभार संसारी बहुमताच्या मंडळाकडे सोपवला. आणि जुलैत नोत्र दामचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांनी विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ लेक्स इथे काही अध्यक्ष, बिशप आणि विद्वान जमवले. त्यांच्या निवेदनाचा गाभा असा होता की कॅथलिक विद्यापीठाला खऱ्या अर्थाने विद्यापीठ व्हायचं असेल तर संसारी असो वा धार्मिक, कुठल्याही बाहेरच्या सत्तेपासून स्वायत्तता हवी, आणि थिऑलॉजी आतच जिवंत हवी. काहींना हे स्वातंत्र्याचं पत्र वाटतं, काहींना घटस्फोटाचं. माझ्या मते त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता. चूक झाली असेल तर ती पुढे झाली: स्वायत्तता मिळवली, पण संघाची माणसं गेल्यावर त्यांचं काम कोण करणार हे ठरवायचं राहिलं.

रोमचं उत्तर आलं ते १५ ऑगस्ट १९९० ला. पोप दुसरे जॉन पॉल स्वतः पोलंडमधल्या लुब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवलेले. कम्युनिस्ट सत्तेखाली ‘कॅथलिक विद्यापीठ’ ही पाटी टिकवायला काय पडतं ते त्यांनी अनुभवलेलं. त्यांच्या दस्तऐवजात संशोधनाच्या स्वातंत्र्याची हमी आहे आणि नियमही आहेत: कॅथलिक नसलेल्या प्राध्यापकांचं बहुमत होऊ देऊ नये, आणि थिऑलॉजी शिकवणाऱ्या कॅथलिकांनी स्थानिक बिशपांची अनुमती घ्यावी. अमेरिकेत हे लागू करायचे तपशील ठरायला दशक गेलं. ‘पोपची हुकमत’ म्हणतात ती व्यवहारात एवढीच. करन यांना रोमने १९८६ मध्ये थिऑलॉजी शिकवायला अपात्र ठरवलं आणि कोर्टाने १९८९ मध्ये विद्यापीठाची बाजू उचलली, पण ते विद्यापीठ पोपच्या थेट सनदेचं होतं. इतरत्र बिशप नाराजी व्यक्त करतात, जशी २००९ मध्ये नोत्र दामने ओबामांना सन्माननीय पदवी दिली तेव्हा अनेकांनी केली. पदवी दिली गेलीच.

नेमणूक समितीत हे कसं दिसतं ते सांगते. उमेदवाराला ‘तुम्ही कॅथलिक आहात का’ असं विचारणं अवघड, म्हणून ‘संस्थेच्या ध्येयाशी तुमचं नातं काय’ असं विचारतात. शंभरातले नव्वद उमेदवार आदल्या रात्री वेबसाइट वाचून येतात आणि तिचीच वाक्यं परत ऐकवतात. एकदा रसायनशास्त्राच्या एका उमेदवाराने, जो सरळ म्हणाला की मी देव मानत नाही, उलट आम्हालाच विचारलं: तुमच्या चर्चने १८९१ मध्ये कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला, मग इथे तासावर शिकवणाऱ्यांची संघटना आहे का? टेबलाभोवती सगळे आपापल्या कागदांकडे पाहू लागले. तो प्रश्न त्या दिवसातला सगळ्यांत कॅथलिक प्रश्न होता. पोप तेरावे लिओ यांची ती १८९१ ची शिकवण वर्गात लावायची आणि तासिका प्राध्यापकांनी संघटना केली की ‘आम्ही धार्मिक संस्था आहोत, कामगार मंडळाचा आमच्यावर अधिकार नाही’ असं वकिलाकरवी सांगायचं, हे अमेरिकेतल्या एकाहून अधिक कॅथलिक विद्यापीठांनी केलं आहे. जॉर्जटाउनने २०१३ मध्ये संघटना होऊ दिली, तेही सांगायला हवं.

युरोपात गोष्टी वेगळ्या वळणाने गेल्या, कारण तिथे पैसा बहुतांशी सरकारचा. एकोणिसाव्या शतकात नव्याने निघालेलं लूवेन १९६८ मध्ये फुटलं ते धर्मावरून नाही, भाषेवरून: डच भाषकांचं जुन्या जागी राहिलं, फ्रेंच भाषकांसाठी नवं गाव वसवलं आणि ग्रंथालय सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतलं. नेदरलँड्सच्या नाइमेखनचं विद्यापीठ १९२३ मध्ये कॅथलिकांनी वर्गण्या काढून उभं केलं; २०२० मध्ये डच बिशपांनी त्याचं ‘कॅथलिक’ हे बिरुदच काढून घेतलं.

विज्ञानाचा प्रश्न विचारलात म्हणून लूवेनचंच उदाहरण. जॉर्ज लमेत्र तिथले प्राध्यापक आणि धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतं आहे हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं, १९३१ मध्ये ते एका ‘आदिम अणू’पासून सुरू झालं असावं असं म्हणाले. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा नाराज झाले ते लमेत्रच. विज्ञानाचा सिद्धांत धर्माच्या पुराव्यासाठी वापरू नये, कारण उद्या तो बदलू शकतो, अशी त्यांची भूमिका होती. पोपना सावरायचं काम कॅथलिक विद्यापीठातल्या एका फादरनेच केलं.

आणि सान साल्वादोर, मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरची राजधानी. तिथलं येशूसंघी विद्यापीठ १९६५ मध्ये निघालं तेव्हा सधन कुटुंबांना आपल्या मुलांसाठी सुरक्षित जागा हवी होती. कुलगुरू इग्नासियो एयाकुरीया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते देशाच्या गरिबीचा अभ्यास करणारी संस्था केलं. मानसशास्त्रज्ञ फादर इग्नासियो मार्तीन-बारो यांनी यादवी चालू असताना जनमत चाचण्या घेणारं केंद्र काढलं. लोकांना खरंच काय वाटतं ते आकड्यांत मांडणं एवढंच त्याचं काम, आणि सत्तेला तेवढंही सोसवलं नाही. १६ नोव्हेंबर १९८९ च्या पहाटे लष्कराच्या तुकडीने विद्यापीठाच्या आवारात सहा येशूसंघी, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना गोळ्या घातल्या. मृतांत दोघेही इग्नासियो होते. जवळच्याच निकाराग्वात २०२३ मध्ये सरकारने माना‌ग्वाचं येशूसंघी विद्यापीठ जप्तच केलं.

तेव्हा एखाद्या संस्थेचं कॅथलिकपण अजमावायचं असेल तर क्रूसांची संख्या मोजू नका. विद्यार्थी म्हणून जाणार असाल तर मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) सक्ती बहुतेक ठिकाणी १९६० च्या दशकातच संपली. कॅथलिक नसलात तरी चालतं, फक्त तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजीचे एक-दोन पेपर सगळ्यांना असतील, आणि ते नीट शिकवणारा माणूस मिळाला तर पदवीचे पैसे तिथेच वसूल होतात. संस्थेची घटना (नियमांचा मूळ कागद) मिळाली तर विश्वस्त कोण नेमतं आणि जमीन विकायला कुणाची परवानगी लागते ते पाहा. संघाचा खरा हात किती शिल्लक आहे ते तिथे कळतं. संस्थापक संघाची किती माणसं अजून शिकवतात ते विचारा. उत्तर ‘कुणी नाही’ असं आलं तर दचकायचं कारण नाही, आता बऱ्याच ठिकाणी तेच येतं. मग ‘ध्येय’ या नावाचं एक उपाध्यक्षपद असेल. त्या पदावरच्या व्यक्तीला नेमणुका आणि अंदाजपत्रक यांत मत आहे, की वर्धापनदिनाच्या पत्रिका छापणं एवढंच तिचं काम आहे, हे विचारून घ्या.